गोवर : निरंक

परबबाईंना कुणी नर्स म्हटलं की त्या खवळायच्या. "नर्स पंख्याखाली उभी ऱ्हवता. मी उन्हात भटकतंय. माका परबबाई म्हण, नायतर काय म्हणू नको," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, मालाडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात टायपिस्ट म्हणून नुकतीच चिकटलेली. नाकावर राग माझ्याही असायचा. त्यामुळे पहिला आठवडाभर आम्ही एकमेकींशी बोललोच नाही. आठव्या दिवशी त्यांनी माझ्या मशीनशेजारी डब्याच्या झाकणात दोन घावणे ठेवले आणि म्हणाल्या, "खा गो. उपाशी आसतंस म्हणान चिडतंस." मी दोन्ही खाल्ले.

नाव लक्ष्मी विठ्ठल परब. सही करताना तिन्ही शब्द पूर्ण लिहायच्या, कितीही घाई असली तरी. वडील गिरणीत होते, त्यामुळे जन्म मुंबईतला, पण बोली मालवणची ती मालवणचीच राहिली. आमच्या डॉक्टर करमरकरांशी तेवढं शाळेतलं मराठी बोलायच्या आणि ते बोलताना त्यांचा चेहरा घट्ट बूट घातल्यासारखा व्हायचा. लग्न केलं नव्हतं. कुणी आगाऊपणे विचारलंच तर म्हणायच्या, "वेळ गावलो नाय."

त्यांच्याकडे मनोरीतल्या कोळ्यांच्या दोन-तीन आळ्या होत्या. मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं खाडी ओलांडायची आणि घरोघर जाऊन पोरांना पोलिओचे थेंब पाजायचे, त्रिगुणी लस टोचायची, जन्म-मृत्यू वहीत लिहून आणायचे. महिनाअखेर ती वही माझ्याकडे यायची आणि मी तिच्यावरून अहवाल टाइप करायची. पोरांच्या जन्मतारखा आयांना ठाऊक नसायच्या. "नारळी पुनवेला होड्या गेल्या त्याच्या चार दिवस मागे," असं त्या सांगत. बाई जागच्या जागी बोटांवर हिशोब करून तारीख लिहीत. एकदा मी पंचांग घेऊन पडताळायला बसले. चूक सापडेना, तेव्हा माझीच चिडचिड झाली.

एका म्हातारीनं एकदा नातवाला सुईच्या भीतीनं माशांच्या रिकाम्या पाटीखाली झाकून ठेवलं आणि "पोर मामाकडं गेलंय" म्हणून सांगितलं. बाईंनी वाद घातला नाही. दारात बसल्या, पान जमवलं आणि म्हातारीच्या सुनेची स्तुती सुरू केली. म्हातारीला ते सोसवेना, ती सुनेचे वाभाडे काढण्यात रंगली. एवढ्यात पाटी रडायला लागली. बाईंनी पोराला टोचलं. त्याला ताप येणार हे ठाऊक होतं, म्हणून शेवटच्या बोटीपर्यंत ओल्या फडक्याची घडी बदलत त्या तिथेच बसल्या. पुढच्या खेपेला म्हातारीनं सुके बोंबील बांधून दिले. ते दवाखान्यात आल्यावर डॉक्टरांनी दिवसभर नाकाला रुमाल लावला होता.

अशी ही बाई. आयांचा जीव होता तिच्यावर आणि तिचा त्यांच्यावर. सगळी वाट लागली ती त्या मायेपायीच.

त्या आळ्यांमध्ये गोवराचं नाव कुणी घेत नसे. घरात पोराला गोवर निघाला की "पाहुणी आली" म्हणायचं, पाहुणी म्हणजे देवी. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, फोडणी बंद, तव्यावर मासा बंद. पाहुणी घरात असेपर्यंत पोराला खाडीपलीकडे न्यायचं नाही, सुई तर नाहीच नाही. आठ-दहा दिवसांनी ती आपण होऊन जाते, मग दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. बहुतेक पोरं उठून खेळायला लागत. काहींचा गोवर उतरायचा आणि छाती भरून यायची, नाहीतर जुलाब लागायचे. ती पोरं जात.

हिराबाईचा सुन्या तसाच गेला. हिराबाई मालाडच्या बाजारात मासळी विकायची. आवाज खणखणीत आणि भावात एक पैसा सोडणार नाही. सुन्या तिचा पहिला, दीड वर्षांचा. बाई चार दिवस ओळीनं तिच्या घरी जात होत्या, इस्पितळात न्या म्हणून सासूच्या पाया पडत होत्या. सासू म्हणाली, पाहुणी असताना उंबरा ओलांडायचा नाही. पाचव्या दिवशी बाई गेल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी वही उघडली. मृत्यूचं कारण लिहायच्या रकान्यावर त्यांचं पेन टेकलं, तेवढ्यात हिरानं त्यांचा हात धरला.

"बाय, तिचा नाव नको लिवू. तिच्यावर खून घालतेस? उद्या माझे पोटाला दुसरा पोर येल, त्याला ती सोरल का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘ताप’.

ही पहिली वेळ नव्हती. त्याआधीही कितीतरी घरांत त्यांनी तेच लिहिलं होतं. ताप. कुठे जुलाब, कुठे छातीचा आजार. खोटं तरी कसं म्हणायचं, ताप होताच की. आणि दर महिन्याला मी अहवालात ठोकायची, ‘गोवर : निरंक’. निरंक म्हणजे काही नाही, शून्य. सरकारी कागदावर रिकामी जागा सोडायची नसते, म्हणून हा शब्द. माझी बोटं तो न बघता टाइप करायची.

मग एका पावसाळ्याच्या सुरुवातीला वरून कागद आला. मुलांच्या लसींच्या यादीत आता गोवराची लसही घालायची आहे, तरी आपल्या भागात मागच्या काही वर्षांत गोवरानं किती मुलं दगावली ते कळवावं. डॉक्टर करमरकरांनी चहा पिता पिता मला समजावून सांगितलं. लस तयार आहे, बाहेरच्या देशांत केव्हाच देतात. पण आपल्याकडे सगळीकडे एकदम द्यायला तेवढ्या बाटल्या नाहीत, तेवढे फ्रिज नाहीत. ती द्यायची नऊ महिने पुरे झाल्यावर, म्हणजे आयांना आणखी एक खेप घालावी लागणार, त्या येतील की नाही हाही प्रश्न. मग दिल्लीपासून इथपर्यंत समित्या बसतात आणि विचारतात, पोरं जास्त कुठे मरतात? जिथे मरतात तिथे आधी.

"बरोबर आहे ना," डॉक्टर म्हणाले, "त्यांना तरी दुसरं कसं कळणार? कागदावरूनच."

बाई त्या दिवशी मनोरीत होत्या. पत्र तातडीचं होतं. मी मागचे अहवाल काढले, सगळीकडे एकच शब्द होता. मी तोच टाइप केला, डॉक्टरांनी सही केली, कागद गेला. बाईंची वाट बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. हे कुणी विचारायच्या आधी मी स्वतःच सांगते.

गणपतीच्या सुमाराला उत्तर आलं. आपल्या भागात गोवराचे मृत्यू नाहीत, सबब आपला विचार नंतरच्या टप्प्यात केला जाईल. डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचलं. बाई कोपऱ्यात लस न्यायचा बर्फाचा डबा पुसत होत्या.

"नंतर म्हणजे केव्हा?" त्यांनी शाळेतल्या मराठीत विचारलं.

"दोन वर्षं. तीनही लागतील."

बाईंनी डबा खाली ठेवला. कपाटातून जुन्या वह्या काढल्या आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. दुपारी जेवल्या नाहीत. मी डबा पुढे केला तर मान हलवली. चार वाजता मला हाक मारली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्यो ताप नाय. ह्यो पण नाय. ही पारूची पोरगी, हीका मी माझ्या मांडयेर बघलंय." पानं उलटत होत्या, प्रत्येक पानावर त्यांचंच गोल, सुबक अक्षर. "सुमन, सगळा माझ्याच हातचा गो."

मी म्हटलं, बाई, तुम्ही त्या बायांसाठीच केलंत ना.

"तेंचीच पोरा आता मरतली," त्या म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मला माहीत होतं. हिराबाईला जूनमध्ये मुलगी झाली होती, मंदा. गोवर होळीच्या आगेमागे येतो आणि होळीला मंदाला नऊ महिने पुरे होणार होते. लस त्याच्या आत आली पाहिजे, एवढं एकच बाईंच्या डोक्यात बसलं.

त्या पुन्हा घरोघर गेल्या. या वेळी सुई नव्हती, वही होती. ज्या आयांच्या दुःखावर त्यांनी पांघरूण घातलं होतं, त्यांनाच आता उघडून सांगायला सांगायचं. एकीनं तोंडावर दार लावलं. दुसरी म्हणाली, "तवा तूच लिवलास ताप. आता देवीला चोर ठरवाया आलीस?" पारूनं तर त्यांना ओसरीवरून उठवलं. बाई परत यायच्या, पाणी प्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट धरायच्या. दोन महिने असे गेले आणि कागदावर एक नाव चढलं नव्हतं.

मग त्यांनी जे केलं ते डॉक्टरांना कधी कळलं नाही. एका मंगळवारी त्या नारळ घेऊन आळीच्या टोकाच्या देवळात गेल्या. बाया गोळा झाल्या. बाईंनी नारळ देवीपुढे ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गाऱ्हाणं घातलं, की तुझं नाव मी लिहितेय, या बाया लिहीत नाहीत. राग धरायचा तर माझ्यावर धर. ह्यांच्या पोरांका हात लावू नको. मी त्या दिवशी अहवालाच्या कामासाठी बरोबर गेले होते, म्हणून पाहिलं. बाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं मी इतके दिवस धरून चालले होते. पण बोलून झाल्यावर त्यांनी देवीपुढे पदर पसरला.

त्यानंतर बाया बोलल्या. पारू सगळ्यात आधी आली. एकेक करून नाव सांगायची, पोराचं वय सांगायची, पाहुणी किती दिवस होती ते सांगायची आणि पदर तोंडात कोंबून घरी जायची. हिराबाई मात्र आली नाही. मंदाला काखोटीला मारून लांब उभी होती. "माझी पोरी मोठी होव दे," ती म्हणाली, "मंग सांगन." बाईंनी तिला आग्रह केला नाही. सुन्याची ओळ तशीच राहिली.

ती यादी मी टाइप केली. एकूण किती होती ते मी इथे लिहिणार नाही. बाईंनीही बेरीज करू दिली नव्हती, नावंच लिही म्हणाल्या. आम्ही दोघी फोर्टातल्या मोठ्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब वाईट माणूस नव्हते, उगाच कशाला बोल लावू. त्यांनी यादी पूर्ण वाचली, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "परबबाई, आधी निरंक, आता ही एवढी नावं. मी समितीपुढे कुठलं खरं म्हणून ठेवू?"

"हे खरं," बाई म्हणाल्या. "आधीचं मी खोटं लिहिलं."

"तसं लेखी द्यावं लागेल. मग तुमच्यावर कारवाई होईल."

"द्या कागद."

त्यांनी उभ्याउभ्याच लिहून दिलं आणि खाली तीन शब्दांची पूर्ण सही केली. मग विचारलं, "लस केव्हा येईल?" साहेब म्हणाले, या वर्षीच्या बाटल्या वाटून झाल्या आहेत. नवी यादी मार्चनंतर बसेल, त्यात तुमचा भाग घालायचा मी जरूर प्रयत्न करीन. बाई म्हणाल्या, "होळीच्या आधी नाय होणार?" साहेबांना होळीचं काय ते कळलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली.

परतताना गाडीत अंधेरी आली. तेव्हा बाई म्हणाल्या, "तेव्हाच खरा लिवलं असतंय तर आमचो नंबर पयलो लागलो असतो."

होळीनंतर पंधरा दिवसांनी मंदाला गोवर निघाला.

या वेळी हिरानं सासूचं ऐकलं नाही. दाराचा कडुलिंब बाजूला करून, पोरीला चादरीत गुंडाळून ती एकटी बोटीत बसली आणि थेट दवाखान्यात आली. मंदाचे डोळे चिकटले होते, श्वास मांजरीसारखा घरघरत होता. बाई तिला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. औषधं झाली, ऑक्सिजन झाला. डॉक्टरांनी काही करायचं ठेवलं नाही. तीन दिवस बाई त्या खाटेशेजारून हलल्या नाहीत, हिरा घोटभर चहासुद्धा घेईना. तिसऱ्या दिवशी दुपारी मंदा गेली. नऊ महिने आणि वर थोडे दिवस. लस आमच्याकडे असती तर तिला टोचून झाली असती. मला हे वाक्य गेली कितीतरी वर्षं टोचतंय आणि ते कुणाला सांगावं तर समोरचा म्हणतो, नशीब. कसलं नशीब? माझ्या हातचा टाइप केलेला कागद होता तो.

बाराव्यानंतर बाई वही घेऊन गेल्या. मी बरोबर होते. हिरा ओसरीवर बसली होती, आवाज पार गेला होता. बाईंनी पेन काढलं, पण लिहीनात. वही मांडीवर तशीच उघडी.

"लिव," हिरा म्हणाली.

बाईंनी मान वर केली.

"गोवर लिव. मंदाचा लिव. आन सुन्याचा पन लिव, दोघांचा. आता माझे घरान ती कोनाला नेल?"

बाई तिच्या पायांशी वाकल्या. पन्नाशीची, सगळ्या आळीला दटावणारी ती बाई हिराच्या पायांवर डोकं ठेवून रडली. "माझा चुकला गो हिरा. माका शिव्या घाल." हिरानं शिव्या घातल्या नाहीत. तिनं बाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. मी उठून समुद्राकडे जाऊन उभी राहिले. त्या महिन्याच्या अहवालात पहिल्यांदा मी निरंक लिहिलं नाही.

लस पावसाळ्यानंतर आली. साहेबांनी शब्द पाळला. लसीच्या पत्राबरोबर त्याच पाकिटात बाईंचा मेमोही आला. खोट्या नोंदींबद्दल बदली, मुलुंडच्या गोदामात, लोकांशी संबंध येणार नाही अशा कामावर. डॉक्टर करमरकर भांडायला निघाले होते. बाई म्हणाल्या, "नको साहेब, खरं आहे ते. फक्त पहिल्या दिवशी मला मनोरीला जाऊ द्या."

शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. हिराबाई त्या दिवशी बाजारात गेली नाही. दारोदार जाऊन बायांना हाका मारून आणत होती, न येणाऱ्यांच्या कडेवरचं पोर ओढून आणत होती. पारू आपल्या धाकट्याला घेऊन आली. बाई प्रत्येक आईला पोराचं नाव विचारत होत्या. सगळी नावं त्यांना पाठ होती, तरी विचारत होत्या.

दोनच्या सुमाराला रांग संपली. ही लस कोरड्या भुकटीची असते, बाटलीत पाणी घालून कालवली की काही तासांतच संपवायची, उरलेली फेकून द्यायची. ती ठेवता येत नाही. बाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"अजून कोण रवला गो?" त्यांनी हिराला विचारलं.

"कोन नाय. सगली झाली."

"बघ नीट. एक पोर."

"नाय बाय. एक पन नाय रेली."

हिरा टेबलाजवळ आली. तिनं बाटलीच्या तळाशी बघितलं. एका पोरापुरतं औषध होतं. हिरा म्हणाली, "टाकू नको बाय. आज नको." आणि पाठ फिरवून घराकडे चालायला लागली.

उघडलेली लस परत बर्फात ठेवायची नसते. मला हा नियम बाईंनीच शिकवला होता, एकदा चुकले तेव्हा चारचौघांत झापलं होतं. त्या दिवशी त्यांनी ती बाटली फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

परतीच्या बोटीत आम्ही शेजारी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्या मुलुंडला हजर झाल्या. नंतर माझं लग्न झालं, मीही नोकरी बदलली, आणि आमची भेट काही झाली नाही. त्यामुळे मला त्या त्या बोटीतल्याच आठवतात. ऊन होतं, डब्यातला बर्फ विरघळून पाणी त्यांच्या साडीवर गळत होतं. मार्वेचा धक्का येईपर्यंत बाईंनी झाकणावरचा हात काढला नाही.